पणजीचा अंगठा

आमच्या घरी पणजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. ते परळच्या गिरणीत कामाला होते आणि पणजी रत्नागिरी जिल्ह्यात, गावी. ट्रंकेत दोऱ्यात ओवलेली छोटी चिटोरी आहेत: मनीऑर्डरच्या पोचा. प्रत्येकीवर एक अंगठा. पणजीला लिहिता येत नव्हतं, तिचा फोटोही नाही. तिच्या हातची खूण म्हणून आमच्याकडे एवढंच उरलंय.

हा अंगठा कोकणातून परळला पोचला कसा? या आठवड्याच्या एपिसोडमध्ये आपण भारतीय टपालाबद्दल बोललो, त्यातला हा राहून गेलेला भाग.

टपाल इंग्रजांनी आणलं, असं आपण सहज म्हणून जातो. पण मराठ्यांचे जासूद होते, मुघलांचे हरकारे होते, व्यापाऱ्यांची स्वतःची डाक होती. १८३७ साली कंपनी सरकारने कायदा करून पत्रं वाहून नेण्याचा हक्क फक्त स्वतःकडे घेतला. दर ठरायचा वजन आणि अंतर यांवर. म्हणजे माणूस घरापासून जितका लांब, तितकं त्याचं पत्र महाग.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रोलंड हिल वेगळं सांगत होता: खरा खर्च पत्र नेण्याचा नाही, प्रत्येक पत्राचा हिशोब मांडून पैसे वसूल करण्याचा आहे. म्हणून दर एकच ठेवा आणि पैसे आधीच घ्या. १८४० मध्ये तिथे पेनी पोस्ट सुरू झालं. भारतात १८५४ च्या कायद्याने हेच आलं: पाव तोळ्यापर्यंतचं पत्र, अंतर कितीही असो, अर्धा आणा. डलहौसीच्या सरकारला हे हवं होतं ते कारभार, लष्कर आणि व्यापारासाठी. गिरणी कामगाराचा विचार त्यात कुठेच नव्हता.

आणि लोकांचा तरी कुठे विश्वास होता? तिकीट न लावलेलं पत्रही पोचायचं, फक्त घेणाऱ्याला दुप्पट पैसे भरावे लागायचे. अशी ‘बैरंग’ पत्रं अनेक जण मुद्दाम पाठवत. त्यामागचा हिशोब साधा होता: पैसे वसूल करायचे असले की पोस्टमन माणूस शोधून काढणारच! आधीच पैसे मिळाले तर तो कशाला पायपीट करेल?

१८८० साली पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली, तेव्हा मात्र हे उलटं झालं. मुंबईत पैसे आणि कमिशन भरायचं, फॉर्म लिहायचा किंवा लिहून घ्यायचा. नोटा प्रवास करत नसत, फॉर्म करायचा. गावचं पोस्ट आपल्याकडची रोकड द्यायचं, पोस्टमन ती घरी आणून मोजायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा. मजकुराचं कुपन घरी राहायचं आणि पोच पाठवणाऱ्याकडे परत जायची. आता पोस्टमन पैसे मागायला नाही, द्यायला येत होता, आणि दिल्याचा पुरावाही नेत होता. माझ्या मते लोकांचा भरवसा बसला तो तिकिटाने नाही, या पोचेमुळे.

कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा’ प्रदेश म्हणू लागले ते यातूनच. पण हे गोड करून सांगायला नको. पैसे घरी पोचायची सोय झाली, म्हणून पुरुषांना वर्षानुवर्षं लांब राहणं परवडलं. शेती, म्हातारी माणसं, पोरं, सगळं बाईवर. शिवाय कुपनवरच्या दोन ओळी तिला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्याव्या लागत. नवऱ्याने काय लिहिलंय, हे आधी पोस्टमनला कळायचं, मग तिला.

आज तुम्ही-आम्ही ॲपवरून घरी पैसे पाठवतो आणि काही सेकंदांत ‘जमा झाले’ असा मेसेज येतो. तो बँकेचा असतो. पणजोबांना मिळायची ती पोच मात्र तिची असायची. दर वेळी अंगठा वेगळा उमटलाय. कुठे ठसठशीत, कुठे पुसट, एकावर तर चक्क मातीचा डाग आहे. बहुतेक लावणी चालू असावी.