पॉम्पेईतील ‘लक्ष्मी’चे माहेर : नेपल्सच्या वाटेवर भोकरदन

भोकरदन : उच्च शिक्षणासाठी युरोपात गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या सुटीच्या यादीत पॅरिस, रोम, व्हेनिस ही नावे हमखास असतात. इटलीच्या दक्षिणेकडील नेपल्स हे शहर त्या यादीत बरेच खाली राहते. मराठवाड्यातून गेलेल्या विद्यार्थ्याने मात्र एक शनिवार-रविवार या शहरासाठी राखून ठेवावा, असे सबळ कारण आहे. नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात ती सापडली. तिच्याशी सर्वाधिक साम्य असलेल्या मूर्ती महाराष्ट्रात मिळाल्या असून त्यांची स्थळे आहेत जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर.

मूर्तीचा शोध

इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना १९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात ही मूर्ती मिळाली. ज्या घरात ती सापडली, त्याला पुढे ‘भारतीय मूर्तीचे घर’ असेच नाव पडले. मूर्तीतील स्त्री पायांची आढी घालून उभी आहे. कंबरेला रत्नजडित मेखला, हातापायांत बांगड्या व कड्यांच्या दाट ओळी, गळ्यात हार आणि पाठीवर लांब वेणी असा तिचा साज आहे. दोन्ही बाजूंना प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दोन लहान सेविका आहेत. मूर्तीच्या डोक्यापासून खाली गेलेले छिद्र पाहता ती स्वतंत्र मूर्ती नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या आसनाचा भाग असावी, असे अभ्यासक मानतात.

प्रारंभी ती लक्ष्मी समजली गेली व ‘पॉम्पेई लक्ष्मी’ हे नाव रूढ झाले. मात्र लक्ष्मीची ठळक लक्षणे, म्हणजे कमळ व अभिषेक करणारे हत्ती, येथे नाहीत. त्यामुळे ती यक्षी असावी, हे मत पुढे बळावले. सांची व भारहूतच्या शिल्पांत अशा अलंकृत यक्षी आढळतात.

मथुरा की भोगवर्धन?

मूर्ती घडली कोठे, हा वादाचा मुख्य मुद्दा. सुरुवातीच्या अभ्यासकांनी मथुरेकडे बोट दाखवले. नंतर दख्खनमधील पुरावा पुढे आला. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांनी शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली भोकरदनला उत्खनन केले. त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या अशा वस्तूंबरोबर येथे भग्नावस्थेतील एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही मिळाली. तिच्या बाजूच्या सेविका व अलंकारांची ठेवण थेट पॉम्पेईच्या मूर्तीची आठवण करून देणारी होती. तेरची हस्तिदंती मूर्तीही याच घडणीची. या साम्याच्या आधारे म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी पॉम्पेईच्या मूर्तीचे उगमस्थान दख्खनमध्ये, भोकरदन परिसरात असल्याचे प्रतिपादन केले.

या मताला एक अडचण आहे. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे. खरोष्ठी ही प्रामुख्याने वायव्य भारताची, गांधार प्रदेशाची लिपी. दख्खनमध्ये लेखन होत असे ते ब्राह्मीत. मग दख्खनी मूर्तीवर हे अक्षर आले कसे? एक शक्यता अशी, की ते जोडणीसाठी किंवा मोजदादीसाठी व्यापारमार्गावर कोरले गेले असावे. दख्खनचा माल ज्या भडोच बंदरातून परदेशी जात असे, तेथे त्या काळात क्षहरात क्षत्रपांचा अंमल होता आणि त्यांच्यातील नहपान राजाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तिन्ही लिपी आहेत. म्हणजे भडोचच्या व्यवहारात खरोष्ठी परकी नव्हती. तथापि केवळ एवढ्यावरून वाद मिटत नाही. एका बाजूला लिपी, दुसऱ्या बाजूला घडण, अशी ही तुलना आहे आणि तिच्यात घडणीचे पारडे जड करणारा पुरावा भोकरदन व तेरच्या मातीतून आला आहे.

केळनाकाठ ते इटलीचा किनारा

केळना नदीकाठचे आजचे तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या गावच्या दात्यांचे उल्लेख आहेत. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, आणि उज्जयिनी यांना जोडणाऱ्या मार्गावर ते वसले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठण व तेर (तगर) येथून गाड्यांवर लादलेला माल भडोचला जात असल्याची नोंद आहे. भडोच ते पैठण हे अंतर त्यात वीस दिवसांचे सांगितले आहे.

भडोचहून मोसमी वाऱ्यांच्या आधारे जहाजे तांबड्या समुद्रातील बेरेनिके व मायोस होर्मोस या बंदरांना लागत. तेथून उंटांवरून वाळवंट ओलांडून माल नाईल नदीवर आणि पुढे अलेक्झांड्रियाला पोहोचे. अलेक्झांड्रियाची जहाजे इटलीत ज्या मोठ्या बंदरात येत, ते पुतेओली म्हणजे नेपल्सलगतचे आजचे पोत्सुओली. तेथून पॉम्पेई फारसे दूर नाही.

भारताच्या व्यापारापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स एवढी रक्कम साम्राज्याबाहेर जाते, अशी तक्रार रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने नोंदवली होती. ज्या उद्रेकात ही भारतीय मूर्ती गाडली गेली, त्याच उद्रेकात प्लिनीचाही अंत झाला.

दोन दिवसांचा आराखडा

पहिला दिवस संग्रहालयासाठी ठेवावा. रोमहून नेपल्सला जलद रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. संग्रहालय मेट्रोच्या ‘म्युझिओ’ स्थानकाला लागूनच आहे. ते मंगळवारी बंद असते. मूर्ती ‘गॅबिनेत्तो सेग्रेतो’ अर्थात ‘गुप्त दालना’च्या संग्रहात आहे. पॉम्पेई व परिसरात मिळालेल्या शृंगारिक वस्तूंचे हे दालन दीर्घकाळ बंद राहून २००० मध्ये सर्वांसाठी खुले झाले. भारतीय यक्षी या वस्तूंच्या पंक्तीत बसवली गेल्याने अनेक पर्यटक तिच्याकडे याच दृष्टीने पाहतात. समृद्धी व सुफलतेचे प्रतीक म्हणून आपल्याकडे यक्षीला असलेले स्थान ठाऊक असेल, तर ती वेगळी दिसते. महत्त्वाच्या वस्तू अधूनमधून इतरत्र प्रदर्शनांसाठी जातात. त्यामुळे मूर्ती जागेवर आहे व दालन खुले आहे, याची आधीच खात्री करून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी पॉम्पेई. नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकातून ‘सर्कमव्हेसुव्हियाना’ ही लोकल ‘पॉम्पेई स्कावी’ स्थानकाला साधारण ३५ ते ४० मिनिटांत पोहोचते. नोव्हेंबर २०२४ पासून येथे तिकिटावर नाव घालणे सक्तीचे झाले असून दिवसाला २० हजार प्रवेशांची मर्यादा आहे. गर्दीच्या हंगामात तिकीट आधी काढलेले बरे. ओळखपत्र जवळ ठेवावे.

फोरम चौकातून पूर्वेकडे जाणारा ‘व्हिया देल अब्बोंदांत्सा’ हा नगराचा मुख्य रस्ता धरावा. भारतीय मूर्तीचे घर याच रस्त्यालगतच्या विभाग १, गट ८ मध्ये आहे. दगडी कट्ट्यात रांजण बसवलेली एक प्राचीन खाणावळ याच गटात असून ती खुणेला उपयोगी पडते. वेळ उरल्यास मेट्रोने पोत्सुओलीला जाऊन रोमन बाजारपेठेचे अवशेष पाहता येतील. तेथील खांबांवर सागरी जीवांनी पाडलेली छिद्रे आहेत. जमीन खचून खांब पाण्याखाली गेले व पुन्हा वर आले, त्याची ही खूण.

व्हिसा व खर्च

जर्मनी, फ्रान्स, पोलंड आदी शेंगेन देशांचा वैध निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला इटलीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत इतर शेंगेन देशांत जाता येते. पासपोर्ट व परवाना दोन्ही सोबत हवेत. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे तेथील भारतीय विद्यार्थ्यांना शेंगेन व्हिसा काढावा लागतो. सरकारी संग्रहालयांतील १८ ते २५ वयोगटाची तिकीट सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश सर्वांनाच विनामूल्य असतो. खर्च वाचतो, पण गर्दी अधिक असते.

जाण्यापूर्वी हेही पाहावे

नेपल्सची मूर्ती समजून घ्यायची, तर तिची भावंडे आधी पाहिलेली चांगली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात तेथील हस्तिदंती मूर्तीसह सातवाहनकालीन वस्तूंचा मोठा संग्रह आहे. भोकरदनमध्ये नदीकाठी कोरलेली वैष्णव लेणीही आहेत. ती यक्षीच्या काळानंतर काही शतकांनी कोरली गेली. उत्खननाचा अहवाल पुरातत्त्व विषयाच्या ग्रंथालयांत मागून पाहावा. त्यातील मूर्तीचे छायाचित्र मोबाइलमध्ये असले, तर नेपल्सच्या दालनात काचेसमोर उभे राहून दोन्ही मूर्तींची तुलना ज्याची त्याला करता येईल.