मोकाट कुत्री आणि कासवांचे किनारे

दशभुज गणेशाचे मंदिर व बामणघळ यांसाठी प्रसिद्ध असलेले हेदवी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात येते. याच तालुक्यात, गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. त्यामुळे शहरांतील उद्यानांमध्ये रंगणारा मोकळ्या कुत्र्यांचा वाद येथे निराळे रूप धारण करतो.

साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते. पुढे ४५ ते ६० दिवस अंड्यांना राखण नसते. वासाने आलेली कुत्री घरटे उकरतात; बाहेर पडणाऱ्या पिल्लांनाही टिपतात.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. दुसरीकडे, भटक्या कुत्र्यांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे २०२३चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात. निर्बीजीकरणाने संख्या आटोक्यात येते. उकरण्याची सवय जात नाही.

यावर मार्ग दाखवला तो मंडणगड तालुक्यातील वेळासने. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने २००२मध्ये तेथे संवर्धन सुरू केले. अंडी जाळीच्या कुंपणातील खड्ड्यांत हलवली जातात व पिल्ले समुद्रात सोडली जातात. पाळीव कुत्र्याला किनाऱ्यावर साखळी घालणे मात्र मालकाच्याच हाती राहते.