एपिसोडचा मजकूर : बोरघाटातून लंडनला गेलेल्या आया

मागच्या एपिसोडनंतर कामशेतहून एकीचा व्हॉइस मेसेज आला. तिला जर्मनीत ऑ पेर म्हणून जायचंय. म्हणजे तिथल्या एका कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, भाषा शिकायची, ख्रिसमस-ईस्टर जवळून बघायचा. घरात मात्र आजी म्हणतेय, "एवढं शिकून परक्यांच्या घरी आया व्हायचंय का तुला?" तिचा प्रश्न होता, दादा, आजीला काय सांगू?

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. करिअरचा सल्ला देणं माझं काम नाही. पण 'आया' हा शब्द ऐकला आणि माझी गाडी थेट इतिहासात शिरली. कारण परदेशी मुलं सांभाळत परदेशी जाणाऱ्या बायका आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीही होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा प्रवास आपल्याच घाटातून झाला.

आधी शब्द बघू. आया हा मूळचा पोर्तुगीज शब्द. गोव्यातून मुंबईत आला, मुंबईतून साहेबांच्या घराघरांत पोचला. मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग, त्याची आया कॅथलिक होती. त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय की दुपारी ती आणि घरातला नोकर गोष्टी सांगायचे. मग आईबाबांकडे पाठवताना पोरांना बजावायचे, आता इंग्रजीत बोला हं! म्हणजे पोरांची डिफॉल्ट भाषा इथली होती, इंग्रजी हे नंतरचं इन्स्टॉलेशन.

आता बोरघाटात या. 1830 मध्ये घाटात गाडीरस्ता झाला. त्याच काळातला आपला अमृतांजन पूल, 2020 च्या लॉकडाउनमध्ये पाडला तो. 1858 ला खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, पण मधला घाट बाकी होता. त्यामुळे पुण्याहून मुंबईला जाणाऱ्यांनी खंडाळ्याला गाडीतून उतरायचं, पालखीत बसून खोपोलीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा गाडी पकडायची. 1863 मध्ये घाटातली लाइन झाली. तीही सरळ नव्हती. वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं निघायची. पुणे कॅम्पातलं एखादं साहेबाचं कुटुंब विलायतेला निघालं की पेट्या, मुलं आणि आया, सगळं याच वाटेनं मुंबई बंदराकडे जायचं. 1869 ला सुएझ कालवा उघडला आणि तीन-एक आठवड्यांत लंडन गाठता यायला लागलं. बोट लागून मेमसाहेब आडव्या झाल्या की मुलांचं खाणंपिणं, आजारपण, रडणं सगळं आयेच्या अंगावर. म्हणूनच प्रवासाची सवय झालेल्या आयांना मागणी होती. अँटनी परेरा नावाच्या एका आयाबाईंनी या वाऱ्या 54 वेळा केल्याची नोंद आहे. चौपन्न! मी अजून एकदाही ऑनसाइट गेलो नाहीये.

खरी गोची लंडनला पोचल्यावर होती. पुष्कळ जणींना फक्त प्रवासापुरतं ठेवलेलं असायचं. मुलं घरी पोचली, काम संपलं. परतीचं तिकीट मालकानं द्यायचं असा रिवाज होता, पण रिवाजच तो, सही कुठेच नाही. 1908 मध्ये एका आयेला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड देऊन सोडून दिल्याचं कागदोपत्री आहे. अनोळखी शहर, वरून थंडी, आणि मुंबई सात समुद्रापार.

अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' होतं. आधी ऑल्डगेट भागात, मग 1900 पासून हॅकनीत, 26 किंग एडवर्ड्स रोडला. लंडन सिटी मिशन ही ख्रिस्ती संस्था ते चालवायची. तीसेक खोल्या, वर्षाला शंभरेक बायका. इथली सिस्टीम मला फार इंटरेस्टिंग वाटते. मालकानं परतीचं तिकीट होमकडे जमा केलं असेल, तर होम भारतात निघालेलं दुसरं कुटुंब शोधायचं आणि तिला त्यांच्या मुलांसोबत परत पाठवायचं. म्हणजे घरी जातानाही ड्यूटी चालूच! मधल्या काळात शिवणकाम, प्रार्थना, भजनं. तिथले सण-रिवाज या बायकांना दिसले ते असे, मिशनच्या खिडकीतून. धर्मांतराचा उद्देश मिशननं लपवलेला नव्हता, हेही सांगायला हवं. तरी डोक्यावर छप्पर त्यांनीच दिलं.

आणि नावं? इथे माझ्यातला डेटाबेसवाला अस्वस्थ होतो. जहाजाच्या प्रवासी याद्यांत बऱ्याचदा नुसतं 'आया' लिहिलंय, किंवा मालकाचं आडनाव लावलंय. कुटुंब स्मिथ असेल तर ही 'आया स्मिथ'. नावाचा कॉलम रिकामा, फक्त फॉरेन की भरलेली. तिची पणती आज शोधायला बसली तर काय टाइप करून शोधणार?

एक नाव मात्र ठळक राहिलंय. अ‍ॅना लिबराटा डिसूझा. पुण्यात गणेशखिंडीचा राजवाडा, म्हणजे आपलं विद्यापीठ, बांधायला घेणारे गव्हर्नर बार्टल फ्रिअर, त्यांच्या घरची ही आया. 1865-66 च्या हिवाळ्यात गव्हर्नरांच्या दौऱ्यावर मुलगी मेरी बरोबर होती, आणि अ‍ॅना तिला आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायची. मेरीनं त्या लिहून काढल्या आणि 1868 मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक आलं. कव्हरवर नाव मेरीचं. पण आत अ‍ॅनाची स्वतःची हकिगत, तिच्या तोंडून सांगितलेली, वेगळं प्रकरण म्हणून छापलीय. त्या काळात एका आयेला एवढी पानं मिळणं ही लहान गोष्ट नाही.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. 'ऑ पेर' हा फ्रेंच शब्द, अर्थ बरोबरीच्या नात्यानं. 1969 मध्ये स्ट्रासबर्गला युरोपियन देशांचा याबद्दल करार झाला. त्यात लिहिलंय की दिवसाला काम पाच तासांपेक्षा जास्त नको, आठवड्याला पूर्ण एक दिवस सुट्टी, आणि सगळं लेखी. शब्द बरोबरीचा आहे म्हणून प्रत्येक घर बरोबरीनं वागवेलच असं नाही. पण लेखी कागद हातात असणं हाच किंग्ज क्रॉसवरच्या त्या बाईत आणि आजच्या मुलीत फरक आहे. त्यामुळे कामशेतवाल्या ताई, आजीला तो करार मराठीत वाचून दाखव. कामाचे तास, पॉकेट मनी, इन्शुरन्स, आणि न पटल्यास घर कसं बदलायचं, हे सगळं. परतीचं तिकीट कोण काढणार ते सगळ्यात आधी वाच. आजी नेमकं तेच विचारणार बघ.

आणि कधी लंडनला गेलीस तर हॅकनीला चक्कर मार. 26 किंग एडवर्ड्स रोडच्या भिंतीवर 2022 मध्ये निळी पाटी लागलीय. फोटो पाठव, पुढच्या एपिसोडच्या कव्हरला लावू.