शाश्वत पर्यटनाचे निर्देशक

शाश्वत पर्यटनाचे निर्देशक म्हणजे पर्यटनाचे एखाद्या स्थळाच्या निसर्गावर, अर्थकारणावर व लोकजीवनावर होणारे परिणाम ठरावीक काळाने मोजण्याची मापे होत. जागतिक पर्यटन संघटनेने २००४ मध्ये याविषयी मार्गदर्शक ग्रंथ प्रकाशित केला. स्थानिकांचे समाधान, हंगामी चढउतार, पाण्याचा वापर, कचरा व सांडपाणी ही नेहमीची मापे आहेत.

पर्यटकसंख्या मोजणे सर्वांत सोपे. त्यामुळे तिच्यावर गरजेपेक्षा अधिक भर दिला जातो. सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटातील स्थळांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फुलांच्या हंगामात तेथे ऑनलाइन आरक्षण व दररोज ३,००० पर्यटकांची मर्यादा लागू करण्यात आली. हा आकडा पठारावरील ताण दाखवतो, पठाराची स्थिती नव्हे. त्यासाठी जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थराची झीज, फुलझाडांच्या जातींचा विस्तार आणि आसपासच्या गावांना मिळणारे उत्पन्न यांची वर्षानुवर्षे नोंद लागते. गर्दी वाढण्यापूर्वीची नोंद नसल्यास तुलनेला आधार उरत नाही. मापाने कोणती पातळी ओलांडली की कोणता उपाय योजायचा, हेही आधीच ठरवावे लागते. उदाहरणार्थ, पायवाटेबाहेर खडक उघडा पडू लागल्यास तेवढा भाग पुढील हंगामात बंद ठेवणे.