पोरक्या मुलांची पहिली शाळा

आपण तांबरमकर मंडळी सुट्टीत गावी निघालो की दौंड सोडल्यावर डब्यात आवराआवर सुरू होते. बायका डबे-पिशव्या भरतात, पुरुष सीटखालच्या बॅगा ओढून दाराशी नेतात. त्या गडबडीत पाटस, कडेठाण, केडगाव ही छोटी स्टेशने कधी मागे पडली हे कळत नाही. रेल्वेत नोकरी असल्यामुळे स्टेशनांच्या पाट्या वाचत जाण्याची मला सवय आहे, पण केडगावच्या पाटीकडे मीही बरीच वर्षे नुसतेच पाहत होतो. आता मात्र ती पाटी आली की पंडिता रमाबाईंची आठवण होते. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. साधा डिप्लोमा झालेला इंजिनिअर आहे. पण वाचता वाचता जे हाती लागले ते आपल्यासमोर ठेवावेसे वाटले. त्याला एक कारणही आहे.

आपल्याच ओळखीच्या एका मराठी कुटुंबात काही वर्षांपूर्वी एक तीन वर्षांचा मुलगा आला. आईवडील दोघेही गेलेले. मामा-मामी त्याला इथे घेऊन आले. खाणे-पिणे, कपडालत्ता, माया यांत काही कमी नव्हते. पण बालवर्गात घालायची वेळ आली तेव्हा शाळेने आईवडिलांच्या सह्या मागितल्या, जन्मदाखला मागितला, पालकत्वाचा कागद मागितला. कागद गावी, मुलगा इथे. मामाने दोन-तीन शाळांचे उंबरे झिजवले. त्यात वर्ष गेले. पोरगे घरातच बसून राहिले. तमिळ येईना, सोबतीला कोणी मूल नाही, हळूहळू बोलणेच कमी झाले. मामी एकदा म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही त्याला घर दिलं, पण शाळा कुठून आणू?" हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. शोधू लागलो तेव्हा कळले की हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीही पडला होता, आणि त्याला उत्तरही मिळाले होते.

दुसऱ्याचे मूल आपले म्हणून वाढवणे आपल्याला नवे नाही. देवकीचा कृष्ण यशोदेने वाढवला हे आपण आजीच्या मांडीवर ऐकले. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे गुपचूप बाळंत होता येई आणि मूलही सांभाळले जाई. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवला, डॉक्टर केला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, तेव्हा त्या यशवंताच्याच दवाखान्यासाठी राबत होत्या. पंढरपूरला प्रार्थना समाजाने १८७५ साली बालकाश्रम काढला. म्हणजे अनाथाला आसरा देण्याची परंपरा आपल्याकडे होतीच. पण तीन ते सहा वर्षांच्या कोवळ्या वयात त्याला शिकवायचे कसे, याचा विचार ज्यांनी आधी केला त्यांत रमाबाईंचे नाव फार वर आहे.

रमाबाई स्वतःच पोरक्या झालेल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. त्या काळात त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, तीर्थयात्रा आणि दानधर्म करता करता होते-नव्हते ते संपले. पुढे दुष्काळ आला. १८७४ साली, इथेच, त्या वेळच्या मद्रास इलाख्यात आईवडील दोघेही अन्नावाचून गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. मुंबई आणि मद्रास हे रायचूरमार्गे रुळाने जोडले जाऊन तीनच वर्षे झाली होती, पण या भावंडांच्या नशिबी गाडी नव्हती. बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. आपण ज्या मुलखात पोटासाठी येऊन स्थिरावलो, त्याच मुलखात ही मराठी मुलगी अनाथ झाली, हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो.

पुढे १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. समारंभ आटोपून त्या परत फिरल्या नाहीत. तिथे राहून त्यांनी किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली. लहान मुलांसाठी मराठी सचित्र पुस्तकांची तयारीही तिथेच सुरू केली. किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग. जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेल यांची ही कल्पना. लाकडी ठोकळे, चेंडू, कागदाच्या घड्या, गाणी आणि बागकाम यांतून लहान मूल शिकते, असे त्यांचे म्हणणे. फ्रोबेल एक वर्षाचे व्हायच्या आतच त्यांची आई वारली होती, आणि मुलाचे दुःख ओळखून दहाव्या वर्षी मामाने त्यांना आपल्या घरी नेले. बालवाडीच्या पद्धतीचा जनकही मामाच्या घरी वाढलेला होता!

मुंबईला परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. इथे एक गोष्ट न झाकता सांगायला हवी. १८८३ मध्ये इंग्लंडला असताना रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदनात धर्माचा प्रचार होणार नाही या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. काही मुलींचा ओढा त्या धर्माकडे दिसू लागला तेव्हा १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. 'केसरी'ने टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला रूप दिले ते हेच वर्ष. म्हणजे आपल्या उत्सवाचा जन्म आणि हा वाद एकाच गावात, एकाच वर्षी. पालकांची तक्रार खोटी होती असे मला म्हणवत नाही. विश्वासाने पाठवलेली मुलगी त्याच विश्वासाने सांभाळली जावी ही अपेक्षा रास्तच होती. त्यानंतर १८९६ मध्ये महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि त्यांच्या पत्नी बाया कर्वे या तर शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. वादातूनही काम पुढे गेले ते असे.

त्याच सुमारास मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले सोळावे वर्ष आठवले असणार. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि रस्त्यावर, धर्मशाळांत पडलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पण पुण्यात प्लेगचे निर्बंध, नव्या माणसांना शहरात ठेवायला परवानगी नाही. तेव्हा केडगावची आधी घेतलेली जमीन कामी आली. सुरुवातीला तंबू, छपरे, मग इमारती. हेच 'मुक्ती सदन'. १८९९-१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या उपाशी, आजारी, भेदरलेल्या मुलींचे करायचे काय? नुसते जेवू घालून भागले असते. रमाबाईंनी तसे केले नाही. थोरल्या मुलींकडे धाकट्या मुली सोपवल्या, म्हणजे प्रत्येकीला कोणीतरी आपले माणूस मिळाले. लहानग्यांसाठी किंडरगार्टन चालवले, आणि शिकून तयार झालेल्या मुलीच तिथे शिक्षिका झाल्या. अंध मुलींचीही शिकण्याची सोय केली. मोठ्यांसाठी शेती, विणकाम, छापखाना. आसरा आणि शाळा एकाच आवारात. मूल घर सोडून शाळेत जात नव्हते आणि शाळेसाठी कोणाची सही लागत नव्हती. मामींच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले.

दुसरे उत्तर ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, मिळाले. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम केलेले. १९३९ मध्ये स्वतः मादाम माँटेसरी आपल्या शेजारच्या अड्यारला येऊन शिक्षकांचे वर्ग घेऊ लागल्या होत्या, तोच हा काळ. पण महागडी साधने आणि चकचकीत वर्ग वारली पाड्यावर कुठून आणणार? शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांची साधने झाली.

या मुलांना आईबाप होते, पण दिवसभर ते मजुरीवर. धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची ताई. ती शाळेत आली तर बाळ कुठे ठेवायचे? आणि ती नाही आली तर दोघांचेही शिक्षण बुडणार. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडली. जी मुले येत नव्हती त्यांच्या पाड्यावर, अंगणात वर्ग भरवला, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. इथे तांबरममध्येही लोक अंगणवाडीला सर्रास 'बालवाडी' म्हणतात. तो शब्द कानावर पडला की मला आपले कोणीतरी भेटल्यासारखे वाटते.

आज परिस्थिती काय आहे? २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मूल दत्तक न घेताही कुटुंबात संगोपनासाठी ठेवण्याची तरतूद आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार विवाहित जोडप्यांबरोबर एकट्या व्यक्तीलाही ही जबाबदारी घेता येते. मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलासाठी दरमहा ४००० रुपयांची मदत ठरली आहे. दुसरीकडे शिक्षणहक्क कायदा सक्तीने लागू होतो तो ६ ते १४ वयाला. तीन ते सहाची व्यवस्था सरकारने करावी, एवढेच तो म्हणतो. नव्या शिक्षण धोरणाने २०२० मध्ये या वयाला महत्त्व दिले हे खरे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनाथ मुलांचे सर्वेक्षण करून किती जण शाळेबाहेर आहेत ते पाहायला राज्यांना सांगितले. पण संगोपनाची खिडकी वेगळी आणि शाळेची खिडकी वेगळी. मधल्या तीन वर्षांचे पोर दोन्ही खिडक्यांच्या मधे उभे राहते. केडगावात आणि कोसबाडला या दोन खिडक्या एकच होत्या. इतिहासाने शिकवलेली गोष्ट मला तरी एवढीच दिसते.

त्या मुलाची हकीकत पुरी करतो. गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाईंनी एक दिवस त्याला दारात पाहिले आणि कागद नंतर बघू म्हणत हाताला धरून आत नेले. चार महिन्यांत तो तमिळ गाणी म्हणू लागला, आणि मामीला मराठीत त्याचा अर्थ सांगू लागला. पुढे कागदही झाले, शाळाही मिळाली.

आपल्या मंडळात वकील आहेत, सरकारी कार्यालयांत काम केलेले आहेत, उत्तम तमिळ बोलणाऱ्या भगिनी आहेत. कोणाच्या घरी असे मूल आले तर त्या घरच्या माणसाबरोबर बाल कल्याण समितीत, अंगणवाडीत, शाळेत आपल्यापैकी दोघांनी जावे. त्याला वर्गणी लागत नाही. नव्या कामाला आपण 'श्रीगणेशा' म्हणतो. एखाद्या पोरक्या मुलाच्या पाटीवर तो वेळेवर गिरवला गेला, तर बाप्पाला तो नैवेद्य नक्कीच आवडेल.

गणपती बाप्पा मोरया!