रकीबाची जर्सी

उर्दू गझल शिकवताना 'रकीब' हा शब्द आला की वर्गात खसखस पिकते. रकीब म्हणजे आपल्याच माशुकेवर डोळा ठेवून बसलेला दुसरा आशिक, एवढे सांगून आम्ही पुढे सरकतो. हाच शब्द तुर्कस्तानात फुटबॉलच्या मैदानात उतरला आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. तुर्की भाषेत प्रतिस्पर्धी संघाला 'राकिप' म्हणतात. संघाचा पाठीराखा तो 'ताराफतार', म्हणजे आपला तरफदार. पंच म्हणजे 'हाकेम'. आपले हुकूम आणि हाकिम ज्या अरबी धातूतून आले, त्याच घराण्यातला हा शब्द. गोलला 'काले' म्हणतात, म्हणजे किल्ला, आणि गोलरक्षक तो 'कालेजी', किल्लेदार. मराठी माणसाला तर हे ऐकून हसूच येईल. आणि जो आपला किल्ला सोडून रकीबाच्या किल्ल्यात जातो तो 'हाइन'. उर्दूतला खाइन, खियानत करणारा. मराठीत सरळ गद्दार म्हणावे.

तांजू चोलाक या माणसाची हकिकत सांगायची तर या शब्दांपासूनच सुरुवात करावी लागते.

इस्तंबूल शहराच्या मधून बॉस्फरसची सामुद्रधुनी वाहते. अलीकडे युरोप, पलीकडे आशिया. युरोपच्या बाजूला गालातासाराय हा क्लब, रंग पिवळा आणि लाल. आशियाच्या बाजूला, कादिकॉय भागात, फेनरबाहचे. रंग पिवळा आणि गडद निळा. गालातासारायचा जन्म १९०५ सालचा, तोही एका शाळेत, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना सुखावणारी आहे. उस्मानी सल्तनतीने १८६८ मध्ये उघडलेल्या त्या नामांकित शाळेतल्या अली सामी आणि त्याच्या सोबत्यांनी हा क्लब काढला. या अली सामीचे वडील शमसुद्दीन सामी म्हणजे 'कामूस-ए-तुर्की' या प्रसिद्ध शब्दकोशाचे कर्ते. बापाने शब्द गोळा केले, मुलाने खेळाडू. फेनरबाहचे दोन वर्षांनी, १९०७ मध्ये उभा राहिला. सुलतान अब्दुल हमीद यांच्या काळात मुसलमान तरुणांनी एकत्र जमून चेंडू खेळणेही सरकारला संशयास्पद वाटे. फुआद हुस्नू नावाच्या एका नौदल विद्यार्थ्याने १९०१ मध्ये इंग्रजी नाव घेऊन संघ उभा केला, तेव्हा पहिल्याच सामन्यानंतर चौकशीचे झेंगट मागे लागले होते.

दोन्ही क्लबांमधला पहिला सामना १७ जानेवारी १९०९ रोजी झाला. आज या दोघांच्या वैराच्या कथा ऐकणाऱ्याला खरे वाटणार नाही, पण १९१२ मध्ये दोन्ही क्लब मोडून एकच संघ करावा असा करार होत आला होता. बाल्कन युद्ध पेटले आणि तो बेत मागे पडला. पुढे पहिले महायुद्ध आले, या मैदानांवरची पोरे गालिपोलीच्या खंदकांत गेली आणि त्यातली कित्येक परतली नाहीत. १९१८ नंतर इस्तंबूलवर इंग्रज-फ्रेंचांचा ताबा आला. इकडे मुंबईत खिलाफत कमिटीच्या सभा गाजत होत्या, तेव्हा तिकडे फेनरबाहचे इंग्रज शिपायांच्या संघांशी फुटबॉल खेळत होता. २९ जून १९२३ रोजी इंग्रज सेनापती हॅरिंग्टन याच्या नावाचा चषक फेनरबाहचेने २-१ असा जिंकला. दोन्ही गोल झेकी रिझाचे. त्या विजयाचा आनंद शहराच्या दोन्ही किनाऱ्यांवर झाला असणार. पण आनंद वाटून घेणे फार दिवस टिकत नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत या दोघांच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात अशी हाणामारी झाली की तेव्हापासून वैर पक्केच झाले.

तांजूचा जन्म या शहरातला नाही. तो काळ्या समुद्राच्या काठावरच्या साम्सूनचा, जन्म १९६३. १९ मे १९१९ रोजी मुस्तफा कमाल ज्या बंदरावर उतरले आणि तुर्की स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले असे मानतात, तेच हे साम्सून. गावच्या साम्सूनस्पोर या क्लबाकडून खेळताना १९८५-८६ च्या मोसमात त्याने ३३ गोल केले, पुढच्या मोसमात २५. दोन्ही वर्षे देशात सर्वाधिक. असा पोरगा लहान गावात राहत नाही. १९८७ मध्ये गालातासारायने त्याला इस्तंबूलला नेले.

इथे जरा थांबावेसे वाटते. साम्सून सोडताना तांजूला गद्दार ठरवण्याचा हक्क त्या गावाला नव्हता का? आपल्या मातीत वाढलेला मोहरा मोठ्या शहराने उचलून नेला. पण असे जाणे म्हणजे प्रगती, असेच सगळे मानतात. खेड्यातून मुंबईला गेलेल्या पोराचे आपणही कौतुकच करतो. दीड वर्षाने, २० जानेवारी १९८९ रोजी, साम्सूनस्पोरची बस सामन्यासाठी मलात्याकडे जात असताना भीषण अपघात झाला. प्रशिक्षक नूरी असान, बसचा चालक आणि खेळाडू मृत्युमुखी पडले. काही जण पुन्हा कधी खेळू शकले नाहीत. तेव्हापासून त्या क्लबाच्या लाल-पांढऱ्या रंगांत काळा रंग आला. तांजू तिथेच राहिला असता तर त्या बसमध्ये असता. वफादारीचा हिशेब मांडताना ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही.

गालातासारायमधले त्याचे पहिलेच वर्ष म्हणजे १९८७-८८. त्या मोसमात त्याने ३९ गोल केले आणि संघाने लीग जिंकली. साऱ्या युरोपात त्या वर्षी एवढे गोल कुणाचे नव्हते. सोन्याचा बूट तांजूला मिळाला. हा मान मिळवणारा तो आजवरचा एकमेव तुर्क. पण तुर्कांना त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. एका मोसमात ३८ गोलांचा जुना विक्रम १९६२-६३ चा होता आणि तो मेतिन ओक्तायचा होता.

मेतिन ओक्ताय कोण, हे सांगितल्याशिवाय तांजूची गोष्ट पुरी होत नाही. इझमीरचा हा मुलगा १९५५ मध्ये गालातासारायला आला आणि लोकांनी त्याला 'ताचसिझ क्राल' म्हटले, म्हणजे ताज नसलेला राजा. १९५९ च्या अंतिम लढतीत त्याने फेनरबाहचेच्या गोलमध्ये इतक्या जोराने चेंडू मारला की जाळे फाटले. ते फाटके जाळे तुर्की फुटबॉलची लोककथा झाली आहे. मधला एक मोसम इटलीत पालेर्मोला काढला, तेवढे सोडले तर तो गालातासारायचाच राहिला. १९६९ मध्ये त्याच्या निरोपाचा सामना झाला तो फेनरबाहचेशी. त्या सामन्यात मेतिनने पिवळी-निळी जर्सी अंगात घातली, आणि फेनरबाहचेच्या जान बार्तूने पिवळी-लाल. रकीबांनी एकमेकांचे कपडे घातले आणि कुणी हूं की चूं केले नाही. उलट त्या छायाचित्राला आजही तुर्कस्तानात अदबीने पाहिले जाते.

आता तांजूकडे वळू. १९८८-८९ मध्ये युरोपियन चषकात गालातासाराय स्वित्झर्लंडच्या नोइशातेल झामाक्सकडून ३-० हरून आला. इस्तंबूलच्या परतीच्या सामन्यात त्याने ५-० असा उलटा मार दिला. तांजूचे त्यात तीन गोल. प्रेक्षकांच्या वर्तनाबद्दल शिक्षा झाली आणि मोनॅकोविरुद्धचा पुढचा घरचा सामना जर्मनीत कोलोनला खेळावा लागला. मोनॅकोत तांजूच्या एकमेव गोलने १-० असा विजय मिळाला होता. कोलोनला सामना १-१ सुटला. जर्मनीच्या कारखान्यांत राबणारे तुर्क कामगार त्या दिवशी हजारोंनी जमले होते. शिक्षा म्हणून दिलेले परके मैदान घरासारखेच झाले. तुर्की संघ त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला, तिथे बुखारेस्टच्या स्तेआवाने त्याला थांबवले.

१९९०-९१ मध्ये तांजू ३१ गोल करून पुन्हा पहिला आला. आणि १९९१ च्या उन्हाळ्यात तो पलीकडच्या किनाऱ्यावर, फेनरबाहचेला गेला.

अंतर म्हणाल तर एका पुलाचे. पण गालातासारायच्या तरफदारांच्या दृष्टीने हा विश्वासघातच होता. साम्सूनहून इस्तंबूलला जाणे चालते, युरोपच्या किनाऱ्यावरून आशियाच्या किनाऱ्यावर जाणे चालत नाही. म्हणजे सोडून जाण्याचा गुन्हा नसतोच. कुणाला सोडले आणि कुणाकडे गेला, त्यावर गुन्हा ठरतो. लहानाला सोडले तर कर्तबगारी, मोठ्याला सोडले तर खियानत. हा न्याय आम्हाला काही पटलेला नाही. फुटबॉलपटूची कमाईची वर्षे दहा-बारा. क्लब त्याला विकतो तेव्हा तो व्यवहार असतो, तो स्वतः निघतो तेव्हा इमान आडवे येते.

याच वर्षी सप्टेंबरच्या १३ तारखेला मेतिन ओक्ताय बॉस्फरसच्या पुलावर मोटार अपघातात वारला. ज्या पुलाने दोन्ही किनारे जोडले जातात, त्याच पुलावर. हा निव्वळ योगायोग आहे, पण गालातासारायच्या माणसांना ते वर्ष विसरता येत नसेल.

फेनरबाहचेत तांजूने १९९२-९३ मध्ये २७ गोल केले आणि पाचव्यांदा देशाचा गोलराजा झाला. कार्शियाकाविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने सहा गोल केले. सोबतीला आयकुत, ओउझ, रिद्वान असे मोहरे होते. तरीही तो तिथे असताना लीगचे विजेतेपद आले नाही. पहिल्या वर्षी ते बेशिक्ताशने नेले आणि दुसऱ्या वर्षी, नेमके, गालातासारायने. त्यानंतर तो इस्तंबूलस्पोरला गेला. मग परदेशातून चोरट्या मार्गाने आणलेल्या मर्सिडीज मोटारीचे प्रकरण त्याला भोवले, शिक्षा झाली आणि सोन्याचा बूट मिळवलेला माणूस तुरुंगात गेला. तिशीत कारकीर्द संपली. कायदा मोडला त्याची शिक्षा झाली, याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र रकीबाकडे गेला म्हणून त्याचे असे झाले, असे मानणारे तरफदार जगात सगळीकडे असतात, आणि त्यांचा तर्क कुठल्याच कामुसात सापडत नाही.

हे सारे आम्ही का सांगत बसलो, असे कुणी विचारील. भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आम्हाला हटकून एक प्रश्न येतो, "काय सर, काल कुणाच्या बाजूने?" विचारणारा हसत विचारतो, ओळखीचा असतो, चहाचे पैसेही तोच देतो. रात्री सचिन बाद झाला तेव्हा आमच्या घरात कुणी जेवले नव्हते, हे त्याला काय सांगायचे? आणि का सांगायचे? त्या प्रश्नाची आम्हाला एवढी सवय झाली आहे की 'हाइन' हा शब्द वाचल्यावर कान आपोआप टवकारले.

तांजूने लीगमध्ये एकूण २४० गोल केले. तो विक्रम पुढे हाकान शुकुरने मोडला. २००२ च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात कोरियाविरुद्ध त्याने अकराव्या सेकंदाला गोल केला, तेव्हा आम्ही शाळकरी होतो आणि आमच्या मोहल्ल्यात ज्याच्या घरी टीव्ही चांगला त्याच्या घरी पन्नास चपला दाराबाहेर पडल्या होत्या. हाकान इटलीत खेळला, इंग्लंडमध्ये खेळला, पण मायदेशी फेनरबाहचेची जर्सी त्याने कधी घातली नाही. तरफदारांच्या कसोटीवर याहून वफादार माणूस मिळणार नाही. २०११ मध्ये तो सत्ताधारी पक्षाचा खासदार झाला, २०१३ मध्ये पक्षातून बाहेर पडला. फतहुल्ला गुलेन यांच्या जमातीशी संबंधाचा आरोप त्याच्यावर झाला, तो अमेरिकेत गेला, २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर त्याच्या अटकेचे वॉरंट निघाले, मालमत्ता गोठवली गेली, बापालाही धरले. उठावाशी आपला काही संबंध नाही, असे तो सांगत आला आहे. २०१७ मध्ये त्याला क्लबातून काढावे असा ठराव गालातासारायच्या सभासदांपुढे आला. सभासदांनी तो फेटाळला. त्यावर वरून इतकी ओरड झाली की थोड्याच दिवसांत व्यवस्थापनाने त्याचे सदस्यत्व रद्द केले.

डिसेंबर २०२२ मध्ये कतारच्या विश्वचषकात कॅनडा आणि मोरोक्कोचा सामना चालू होता. मोरोक्कोने सुरुवातीलाच गोल केला. तुर्की सरकारी दूरदर्शनवरच्या समालोचकाने ओघात सांगितले की विश्वचषकातला सर्वांत जलद गोल हाकान शुकुरचा आहे. मध्यंतरानंतर त्याच्या जागी दुसरा आवाज ऐकू आला. त्याची नोकरी गेली.

तुर्की लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव हाकानचे, २४९. दुसरे तांजूचे, २४०. तिसरा त्राबझोनचा हामी, २१९. चौथा मेतिन ओक्ताय, २१७.