श्वास रोखू नका

पोहायला आलेल्या नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी श्वास धरायला शिकवते. छाती भरून हवा घे, तोंड पाण्यात घाल, मनात दहापर्यंत मोज. नागपुरातल्या कुठल्याही जलतरण तलावावर सुरुवात अशीच होते. हीच मुलं दिवाळीच्या सुटीत आईबाबांबरोबर मालवणला जातात, पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरतात, आणि तिथला पहिला नियम नेमका उलटा असतो: श्वास क्षणभरही रोखायचा नाही. हा नियम कुणी हौसेने केलेला नाही. त्यामागे माणसं जायबंदी झाली आहेत, मेली आहेत. मुलांना पाण्यात पाठवणाऱ्या पालकांना ते ठाऊक असायला हवं.

तलावात बुडी मारणारा वरची हवा छातीत घेऊन जातो. ती खाली आकसते आणि वर येताना पूर्ववत होते. सिलिंडरवाला मात्र खाली पोचल्यावर तिथल्या दाबाची हवा ओढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेला श्वास कोंडून तो वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटतं. यासाठी फार खोल जावं लागत नाही. दीड मीटरवरूनही हे घडू शकतं.

दुसरा धोका बुडबुड्यांचा. १६७० साली रॉबर्ट बॉईलने हवा काढून घेतलेल्या भांड्यात एक साप ठेवला, तेव्हा सापाच्या डोळ्यात त्याला बुडबुडा हलताना दिसला. त्याचा अर्थ कळायला दोनशे वर्षं गेली. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत मजूर खणत असत. वर आले की सांधे असह्य दुखत, कुणाला लकवा होई, काही दगावले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः याच दुखण्याने अंथरुणाला खिळला आणि त्याची पत्नी एमिली हिने कामाची धुरा पुढे नेली. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने कारण मांडलं: दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब एकदम उतरला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. पुढे जॉन स्कॉट हाल्डेनने ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग केले. दाबाच्या खोलीतून बाहेर आलेली शेळी पाय उचलून धरते का, हे तो बघत बसे. १९०८ साली त्याने किती खोलीवरून किती थांबत वर यावं याचे तक्ते छापले. आज मालवणचा प्रशिक्षक ‘सावकाश वर या’ म्हणतो, त्याच्यामागे त्या शेळ्या आहेत.

१९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी बुडी मारणाऱ्याला मागणीप्रमाणे हवा देणारी झडप तयार केली. गान्यांने ती गॅसवर चालणाऱ्या मोटारीच्या झडपेवरून बेतली होती. तिथून पाण्याखाली उतरण्याचा हा धंदा हौशी माणसाच्या हाती आला.

मालवणचं पाणी मुळात गाबीत मच्छीमारांचं. सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी १६६४ साली सुरू झाली, त्याच किल्ल्याभोवतीचे खडक आणि प्रवाळ बघायला आता आपण जातो. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था २०१५ साली सुरू झाली, म्हणजे रीतसर शिकण्याची सोय आपल्याच राज्यात आहे. रीतसर म्हणजे २०० मीटर पोहणं, दहा मिनिटं तरंगणं, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार बुड्या. त्यानंतरही मर्यादा १८ मीटरची. पण बहुतेक कुटुंबं वीस मिनिटांची बुडी आणि एक व्हिडिओ घेऊन परततात. तेही चालेल, मात्र त्याला शिकणं म्हणू नये. आणि धोका फक्त पाण्याखाली नसतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि त्यात जीव गेले.

नागपूरकरांना एक गोष्ट आग्रहाने सांगते. आपण समुद्रापासून फार लांब, त्यामुळे परतीची घाई आपल्यालाच जास्त. सकाळी बुडी आणि संध्याकाळी गोव्याहून विमान, असा बेत माझ्या ओळखीच्या घरांतून सर्रास ऐकू येतो. विमानात दाब कमी असतो, म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अधिक बुड्यांनंतर १८ तास उड्डाण टाळायचं असतं. गाडीने आलात तरी घाट चढावाच लागतो, आणि आंबोली सुमारे ७०० मीटर उंच आहे. तेव्हा बुडी सहलीच्या पहिल्या दिवसांत ठेवा आणि शेवटचा पूर्ण दिवस किनाऱ्यावर काढा. दमा, हृदयविकार किंवा कानाचं दुखणं असेल तर नागपुरातच डॉक्टरांना दाखवून निघा. आणि बुडीआधी भरायच्या वैद्यकीय अर्जावर खरं तेच लिहा.